चिठ्ठीची मागची बाजू

२ सप्टेंबर

ही वही मादरे एदेल्मिरांनी दिली. म्हणाल्या, "सेवेरिनो, तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. रोज एक पान लिहीत जा. काय वाट्टेल ते लिही, मी वाचणार नाही."

मी म्हटलं, "वाचणार नाही तर चुका कशा कळणार?"

"तुझ्या चुका तुला कळतील. जरा उशिरा कळतात, पण कळतात."

मादरे म्हणजे आई. इथं मठातल्या सगळ्या बायांना मादरेच म्हणतात. या सत्तरीच्या आहेत, तिसरीला धर्म शिकवतात आणि हसल्या की दात हातानं झाकतात.

काय लिहू? मी सेवेरिनो कोल्के, वय बावीस, गाव वर पोतोसीच्या डोंगरात. शाळा तिसरीपर्यंत, पुढं बापाबरोबर खाणीत. खाणी बंद पडल्या तसा मी खाली उतरलो. ऊस तोडला, विटा भाजल्या, करवतीच्या गिरणीत राहिलो. पाय कुठं ठरतच नाहीत. या शाळेत घंटा वाजवतो, बाकं दुरुस्त करतो, कपाटांच्या किल्ल्या सांभाळतो. पाच महिने झाले. माझ्या मानानं पुष्कळ झाले.

रोज एक पान जमणार नाही. काही घडेल त्या दिवशी लिहीन.

९ सप्टेंबर

वही दोन दिवस मादरेंच्या टेबलावर विसरलो होतो. त्याआधी पानात कोकाचं एक पान ठेवलं होतं, वही कुणी उघडली तर कळावं म्हणून. आज बघितलं तर पान जागच्या जागी. शिरसुद्धा हलली नव्हती.

मला जरा वाईटच वाटलं. मी असतो तर उघडली असती.

१९ सप्टेंबर

संगीताच्या खोलीतून एक व्हायोलिन नाहीसं झालंय. जुनं, चांगलं, मिशनच्या काळातलं. कपाटाचं कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोन, एक मुख्याध्यापिका मादरे वाल्त्राउद यांच्याकडे आणि एक माझ्याकडे.

त्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "किल्ली कधी कुणाला दिली होती का?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या. ते 'बरं' दिवसभर माझ्या मागं मागं फिरत होतं.

खरं तर दिली होती. एउसेबिओला. सोळा वर्षांचा पोरगा, वाद्यवृंदात पहिला बसतो, सकाळी लवकर सराव करायला मागायचा. पण तसं सांगितलं असतं तर नियम मोडला म्हणून मीच गेलो असतो.

बाजारात चीज विकणारी म्हातारी ओरडली, "ए कोया, व्हायोलिनचे किती आले रे?" डोंगरावरच्या माणसाला इथं कोया म्हणतात. आम्ही यांना काय म्हणतो ते लिहीत नाही.

२७ सप्टेंबर

मादरे एदेल्मिरांना हिवताप झाला. बाजल्यावर घालून गाडीत चढवलं, सांता क्रूसला नेलं. जाताना मला म्हणाल्या, "पोरांचं डिसेंबरात पहिलं कम्युनियन आहे. तू त्यांना प्रार्थना म्हणायला लाव. तुझ्या आजीनं तुला मारून मारून शिकवल्यात, तू कुणाला मारू नकोस." कम्युनियन म्हणजे पोरांना देवळात पहिल्यांदा प्रभूची भाकर मिळते तो दिवस.

मादरे वाल्त्राउद तयार नव्हत्या. पण दुसरं माणूस नाही, आणि धर्माच्या तासाला वर्ग मोकळा ठेवायचा तर वरून विचारणा होते. "फक्त म्हणून घ्यायचं," त्या म्हणाल्या. "समजावून सांगायचं नाही."

उद्यापासून मी शिक्षक! बापाला कळलं तर तो इतका हसेल की त्याला खोकला लागेल.

२८ सप्टेंबर

तेहतीस पोरं. मला 'प्रोफे' म्हणाली. प्रोफे म्हणजे सर. मी मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलंय म्हणून.

'आमच्या स्वर्गीय बापा' झालं, 'नमो मरिया' झालं. मग एकानं विचारलं, "प्रोफे, नरक कसा असतो?" समजावून सांगायचं नव्हतं, पण नरकाचं मला ठाऊक आहे. म्हटलं, खाली तीनशे हात उतरायचं, उकडतं, हवा जड लागते. वळणावर काका बसलेला असतो, खाणीतल्या सैतानाला आम्ही काका म्हणतो. शिंगं असतात. त्याला आधी सिगारेट पेटवून द्यायची, मग कामाला लागायचं. त्याला शिव्या घालायच्या नाहीत, खालचं सगळं त्याच्या मालकीचं.

"तुम्ही नरकात होता?" पोरं डोळे फाडून बघायला लागली.

"सहा वर्षं," मी म्हटलं. "पगार मिळायचा."

पहिल्या बाकावर बसणारी रोसाउरा सुरुबी हसली नाही. नऊ वर्षांची, हडकुळी, एउसेबिओची धाकटी बहीण. म्हणाली, "प्रोफे, तो काका तुमचं नाव सांगतो का कुणाला?" मी म्हटलं, "नाही, तो मातीचा असतो." तिनं मान डोलावली, जणू हिशेब जुळला. आणि हिचं कुजबुजणं म्हणजे अंगणापार ऐकू जाईल असं.

१० ऑक्टोबर

आज जे केलं ते लिहितो. कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

मादरे एदेल्मिरांची पद्धत अशी. पापनिवेदन म्हणजे पाद्रेंच्या, धर्मगुरूंच्या कानात आपली पापं सांगायची, आणि त्यांनी ती कुणाला सांगायची नाहीत. त्याची तयारी म्हणून पोरांनी आपापली पापं चिठ्ठीवर लिहायची, घडी घालायची, दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग तोबोरोचीच्या झाडाखाली सगळ्यांसमोर डबा पेटवायचा. "हा धूर सरळ देवाकडं जातो. देवाशिवाय कुणी वाचायचं नाही." हे वाक्य मी त्यांच्यासारखंच म्हटलं. पोरं हातानं आडोसा करकरून लिहीत होती.

लिहून होईतो मधल्या सुट्टीची वेळ झाली. घंटा मलाच वाजवायची असते. वाजवली, पोरं बाहेर पळाली. वर्गात डबा आणि मी.

आधी म्हटलं, अक्षर तरी बघू कुणाचं कसं आहे. असं स्वतःला म्हटलं.

एकानं लिहिलं होतं, मी साखरेचं दूध चोरून प्यालो. एकानं, मी पाद्रेंच्या खेचराला शेपटीला धरून ओढलं. एकानं, मी प्रोफेला चौदा वेळा कोया म्हटलं, त्यातलं एकदा तोंडावर. मी हसत होतो. मग रोसाउराची निघाली. मी अक्षर जोडून जोडून वाचतो, वेळ लागतो. 'व्हायोलिन आमच्या घरी आहे. खाटेखाली.' पुढं मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. तेवढ्यात पडवीत मादरे वाल्त्राउदच्या बुटांचा आवाज आला. चिठ्ठी चुरगाळून डब्यात टाकली.

सुट्टी संपल्यावर डबा पेटवला. पोरं गोल उभी. रोसाउरा धुराकडं मान वर करून बघत होती, धूर दिसेनासा होईपर्यंत.

११ ऑक्टोबर

सांगितलं. मादरे वाल्त्राउदना, "बाजारात कानावर आलं," असं सांगितलं. चोर नसताना चोर म्हणून किती दिवस फिरायचं माणसानं?

१२ ऑक्टोबर

मादरे वाल्त्राउद आणि कोतवाल सुरुबींच्या घरी गेले. मला बरोबर नेलं. व्हायोलिन खाटेखालीच होतं, जुन्या झग्यात गुंडाळलेलं. मानेला दोन लाकडी पट्ट्या लावून वरून दोरी करकचून आवळलेली. पळवून न्यायला सोपं जावं म्हणून असणार. कोतवालानं जोर लावून दोरी सोडली आणि मान हातात आली. "बघा, मोडूनसुद्धा ठेवलंय," तो म्हणाला.

एउसेबिओ एक शब्द बोलला नाही. किल्ली कुणी दिली ते विचारलं तरी बोलला नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याची आई, दोन्या पेत्रोना (दोन्या म्हणजे बाई), मक्याचं पीठ लागलेले हात तसेच पुढं धरून उभी होती. रोसाउरा दाराशी होती. ती कोतवालाकडं बघत नव्हती, माझ्याकडं नव्हती. छपराकडं बघत होती.

पोराला वाद्यवृंदातून काढलं, शाळेतूनही. मादरे वाल्त्राउदनी माझा हात हातात घेतला. "मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा." मला अहोजाहो! चीजवाल्या म्हातारीनं दोन कुन्यापे, चीजचे पाव, फुकट दिले, गरम होते. एक खाल्ला. दुसरा कुत्र्याला घातला.

२० ऑक्टोबर

एउसेबिओ लाकडाच्या ट्रकवर बसून ब्राझीलच्या सीमेकडं गेला म्हणतात. करवतीच्या गिरणीत. मी राहिलोय तसल्या गिरणीत. तिथं जुन्या माणसांची बोटं मोजली तर कधी दहा भरत नाहीत.

रोसाउरा वर्गात तोंड उघडत नाही. मी विचारतो, "आपल्या मनातलं सगळं कुणाला ठाऊक असतं?" बत्तीस पोरं ओरडतात, "देवाला!" ती ओठ मिटून बसते. दाढ दुखत असेल.

२६ ऑक्टोबर

दाढ नव्हे.

आज खिडकीची बिजागरी बसवत होतो, खाली ओणवा. आतून तिचं ते कुजबुजणं ऐकू आलं. शेजारणीला सांगत होती, "खरं पाप लिहू नकोस. लिहिलंस की तो सांगतो."

"कोण?"

"वरचा. मी लिहिलं, धूर गेला, तिसऱ्या दिवशी मादरे घरी. मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नव्हते."

"देव असं करतो?"

"मग अजून कुणी वाचलं?"

बिजागरीचा खिळा माझ्या बोटात घुसला. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर त्यांना कळलं असतं, बाहेर कुणीतरी ऐकतंय.

२७ ऑक्टोबर

तिनं सगळं बरोबर जुळवलंय. एकच नाव चुकलंय, आणि ज्याचं लागलंय तो काही येऊन सांगणार नाही की मी नव्हतो म्हणून.

३० ऑक्टोबर

नासारिओकडं गेलो होतो. म्हातारा देवळाच्या मूर्ती कोरतो, एउसेबिओ त्याच्याच हाताखाली शिकायचा. नाताळच्या गव्हाणीतल्या मेंढपाळाला नाक बसवत होता. मी सहज म्हटलं, पोरगा मुकाट्यानं चोरी करून गेला बघा.

त्यानं पटाशी खाली ठेवली. "कोया, तुला दोरी म्हणजे पळवायचीच दोरी ठाऊक. सरस लावला की महिनाभर आवळून ठेवावं लागतं, नाहीतर मान धरत नाही. सरस मीच दिला. पोरगा म्हणाला, धाकटीच्या हातून पडलं, शाळेत कळायच्या आत जोडून ठेवतो. दोन दिवस राहिले होते. तुमच्या त्या गाढवानं दोरी सोडली."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"पोरानं शपथ घातली होती, बहिणीचं नाव निघता कामा नये. मी शब्द दिला होता. आजही तोंडातून गेलं ते तुझ्या बोलण्याचा राग आला म्हणून. ते इथंच ठेव." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "आणि तुझं तोंड असं का झालंय?"

म्हणजे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ते होतं. मीच जाळलं.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. वर घरी आज आजीसाठी पाव भाजले असतील. आजी प्रार्थना म्हणताना छातीवर तीनदा मूठ मारायला लावायची. माझ्या अपराधानं, माझ्या अपराधानं, माझ्या फार मोठ्या अपराधानं. हळू मारली की म्हणायची, "माशी हाकलतोयस का?"

पाद्रे अन्सेल्मो खेचरावरून आले. मी पापनिवेदनाला गुडघे टेकले. म्हातारा कानानं अधू. "जोरात बोल! जोरात!" नशीब, बाकं रिकामी होती. सगळं ओरडून सांगितलं, किल्लीचंसुद्धा.

त्यांनी मानेवरचा डास मारला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची पापं ऐकतोय. झोपेत बडबडेन म्हणून खोलीत दुसऱ्याला झोपू देत नाही. आणि तू दहा मिनिटांच्या सुट्टीत?"

"तुम्हीच तिला सांगा ना पाद्रे, की देव नव्हता."

"मला कसं सांगता येईल? माझ्या तोंडाला कुलूप आहे. तुझ्या तोंडाला नाही, हे तू दाखवलंच आहेस. आता त्याचा एकदा बरा उपयोग कर."

क्षमा दिली त्यांनी. मला वाटलं होतं अंग हलकं होईल. झालं नाही.

७ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. पाऊस होता, ती आली नाही.

९ नोव्हेंबर

आली होती. पाऊस नव्हता. तरी सांगितलं नाही. ट्रक उभा होता बाजारात, सांता क्रूसचा. गाठोडं बांधून तिथवर गेलो आणि परत आलो. का परत आलो ते मला कळलेलं नाही. घंटेची वेळ झाली होती, एवढंच.

१४ नोव्हेंबर

धर्माचा पेपर झाला. प्रश्न मादरे वाल्त्राउदनी काढले, तपासायचे मी. धर्मात नापास तो कम्युनियनला बसणार नाही, असा नियम. हा विषय बाकीच्या विषयांसारखा नाही. गणितात नापास झालं तर माणूस गणितात नापास. देवात नापास म्हणजे काय?

तिसरा प्रश्न, 'देव कसा आहे?' पुस्तकातलं उत्तर: देव सर्व जाणतो, तो न्यायी आणि दयाळू आहे. बत्तीस जणांनी तेच लिहिलं, काना-मात्रेच्या चुकांसकट.

रोसाउरानं लिहिलं, 'देव चुगलखोर आहे.'

बाकी सगळे प्रश्न तिनं कोरे सोडलेत.

दुपारभर पेपर समोर घेऊन बसलोय. शून्य दिलं तर ती देवात नापास आणि मी पास. पेपर घरी जाणार, आईची सही किंवा अंगठा घेऊन मग मादरेंकडं जाणार. सगळे बघणार.

पाच वाजले.

'देव' या शब्दावर काट मारली. वर लिहिलं, 'सेवेरिनो कोल्के'. चांगल्या अक्षरात लिहिलं. शेजारी 'उत्तर बरोबर' लिहून पूर्ण गुण दिले. मग पेपर उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथं सगळं लिहिलं. सुट्टी, डबा, चिठ्ठी, बाजाराची थाप, किल्ली. सरसाचं आणि तिच्या हातून पडल्याचं लिहिलं नाही. ते तिचं आहे. शेवटी एवढंच लिहिलं, की एउसेबिओ चोर नाही आणि हे मी शपथेवर सांगतो. जागा पुरेना म्हणून कडेनं आडवं लिहिलं.

आधी तिलाच सांगायला हवं होतं, तोंडानं. तेवढी छाती नाही माझी. पेपर वाटताना तिचा उपडा ठेवीन.

१६ नोव्हेंबर

दोन्या पेत्रोनाला वाचता येत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पोरीलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं.

सकाळी दोघी शाळेत आल्या. पेपरावर अंगठा होता. मला वाटलं बाई मारील. मारलं नाही.

"तुला आई आहे का रे?"

"आहे."

"तिला कळव, की पेत्रोना सुरुबीचा पोरगा तुझ्यामुळं लाकडं कापतोय. आणि त्याला घेऊन ये. माफीचं नंतर बघू."

मग ती आत मादरेंकडं गेली. रोसाउरा पडवीत राहिली. बुटाच्या टोकानं जमीन उकरत होती.

"म्हणजे वरच्यानं वाचलं नव्हतं?"

"वाचलं असेल," मी म्हटलं.

"मागचंपण?"

"मागचंपण."

"आणि सांगितलं नाही?"

"तो सांगत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

तिचं उकरणं थांबलं. "मग तो बरा आहे." आणि जरा वेळानं म्हणाली, "तुम्ही नाही."

"नाही," मी म्हटलं.

१७ नोव्हेंबर

मादरे वाल्त्राउदनी वर्ग काढून घेतला. आता पुन्हा अरेतुरे. "माझ्याशी खोटं बोललास ते एक वेळ चालेल. तू त्या डब्याशी खोटं बोललास." नवीन घंटावाला मिळेपर्यंत थांब म्हणाल्या, पोरांचं पापनिवेदन झालं की जायचं. रोसाउराचं कम्युनियन ठरलं. एउसेबिओचं नाव शाळेत परत घालायला तयार आहेत, पण तो यायला हवा.

पोरं मला आता काहीच म्हणत नाहीत. प्रोफे नाही, कोयाही नाही.

३ डिसेंबर

गाठोडं बांधलंय. दुपारी लाकडाचा ट्रक सीमेकडं जातोय, त्यात जागा मिळाली. कुठली गिरणी ते माहीत नाही, शोधीन. या वेळी निदान कुठं आणि कशाला चाललोय ते ठाऊक आहे.

सकाळी पापनिवेदन होतं. देवळासमोर घंटेचा लाकडी मनोरा, मी त्याखाली उभा. दरवाजे सताड उघडे. आत पाद्रे अन्सेल्मो बसले होते, पाच पावलांवर पोरांची रांग, पांढरे सदरे. पहिल्या पोराला ते ओरडले, "जोरात!" आणि पोरगा जोरात बोलला. त्या साखरेच्या दुधाचं अख्ख्या रांगेनं ऐकलं. खिदळली पोरं.

रोसाउरा सातवी होती. रांगेतून एकदा मागं वळली. दरवाज्याकडं, रांगेकडं, मग माझ्याकडं बघितलं. पुढं जाऊन गुडघे टेकले.

"जोरात, पोरी! मला ऐकू येत नाही!"

मी दोर ओढला.

मोठी घंटा, सणाची. कबुतरं उडाली. चीजवाली म्हातारी टोपली टाकून देवळाकडं धावली, कोण गेलं म्हणून. मादरे वाल्त्राउद पडवीतून धावत आल्या, काहीतरी ओरडत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पाद्रेंनी आपला कान पोरीच्या तोंडाला अगदी चिकटवला होता. तिचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. मादरेंनी माझी बाही धरली. मी दोर सोडला नाही. तळहात सोलले. ती उठली, फ्रॉक झाडला, बाकावर जाऊन बसली. मग सोडला.

काय बोलली ते मला माहीत नाही.